क्लचचं पेडल बिघडलंय? गियरबॉक्स खाली उतरवायच्या आधी हे घरी बघून घ्या

आपल्याकडे गियर अडकायला लागला किंवा पेडल कडक झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "क्लच गया भाऊ, बॉक्स उतारनं पडी." आणि आपण पण मान डोलावतो, कारण क्लच आत असतो, दिसत नाही, त्यामुळे समोरचा म्हणतो ते खरंच असेल असं वाटतं.

माझ्याबरोबर हेच झालं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, घरात लग्न, अमळनेर ते पारोळा दिवसातून दोन-दोन चकरा, आणि आमच्या अल्टोचं क्लच पेडल रोज थोडं थोडं कडक होत चाललं होतं, शेवटी शेवटी तर डावा गुडघा दुखायला लागला. गॅरेजवाल्याने पेडल एकदा दाबून बघितलं आणि सांगितलं पूर्ण क्लच सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) टाकावा लागेल. लग्नाची घाई होती, टाकला. गाडी परत आली आणि पेडल तेवढंच कडक. मग चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पाच मिनिटात केबल काढून हातात दिली, आतल्या तारेचे चार-पाच धागे तुटून बाहेरच्या नळीत अडकत होते. केबल काही शेकड्यांत येते आणि क्लच सेट मजुरी धरून हजारांत जातो. डिक्कीत ठेवलेली जुनी प्लेट त्यांना दाखवली तर म्हणाले ही अजून बरीच चालली असती.

तेव्हापासून घरातल्या, भावकीतल्या, गल्लीतल्या कुणाच्या पण गाडीचा क्लच बिघडला की मी आधी स्वतः बघतो आणि मगच गॅरेजला पाठवतो. जे बघतो ते सगळं इथे लिहितोय. यातल्या बहुतेक गोष्टींना टॉर्च, एक-दोन पाने आणि अर्धा तास पुरतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. क्लचचे आजार दोनच. एक तर क्लच धरत नाही, किंवा क्लच सुटत नाही. हे दोन एकमेकांच्या उलटे आहेत आणि त्यांचे उपाय पण उलटे आहेत. पेडल सोडलेलं असतं तेव्हा प्रेशर प्लेट ही क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, घट्ट दाबून धरते आणि इंजिनची ताकद बॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की केबल किंवा ऑइलचा दाब फोर्कला (काट्यासारख्या दांडीला) ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्या दाबतं, मग क्लच प्लेट मोकळी होते. आता, धरत नाही म्हणजे प्लेट घसरतेय, इंजिन बोंबलतं पण गाडी पळत नाही. सुटत नाही म्हणजे पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेट इंजिनबरोबर फिरतच राहते, म्हणून गियर पडत नाही किंवा खर्रर्र आवाज करून पडतो. धरत नाही तेव्हा दोष बहुतेक आत असतो. सुटत नाही तेव्हा दोष बऱ्याचदा बाहेर असतो, म्हणजे पेडल, केबल, सिलेंडर, ऑइल, आणि हे बॉक्सला हात न लावता दुरुस्त होतं. मिस्त्रीला नुसतं "क्लच खराब आहे" सांगण्यापेक्षा "क्लच सुटत नाहीये" असं सांगितलं तर अर्धं काम तिथेच झालं.

कुठला आजार आहे हे कसं ओळखायचं

सुटत नाही याची टेस्ट सोपी आहे. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. सगळे गियर एकेक टाकून बघा. आता इंजिन चालू करा आणि परत टाका. इंजिन बंद असताना मऊ पडतात आणि चालू असताना अडकतात, तर क्लच सुटत नाहीये. इंजिन बंद असताना पण तेवढेच अडकत असतील तर क्लचला दोष देऊ नका, गियर लिव्हरची लिंकेज, गियर केबल किंवा बॉक्सच्या आतला विषय आहे. याच्यातच अजून एक करायचं, इंजिन चालू, न्यूट्रल, पेडल पूर्ण दाबा आणि पाच-सहा सेकंद तसंच धरा, मग हळूच रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गियरचा वेग जुळवणारी रिंग) नसतो म्हणून तो खोटं बोलत नाही, प्लेट थोडी जरी फिरत असेल तरी लगेच खरखरतो. पेडल तळाला दाबलेलं असून पहिल्या गियरमध्ये गाडी पुढे सरकायला बघत असेल तर मग काही विचारायलाच नको.

धरत नाही हे रस्त्यावर कळतं. चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या आसपास, मोकळा सरळ रस्ता, मागे कुणी नाही हे बघून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. चांगल्या क्लचमध्ये इंजिन जड आवाज करत हळूहळू वेग घेतं. घसरणाऱ्या क्लचमध्ये आरपीएमचा काटा झटकन वर जातो आणि स्पीडचा काटा तिथेच रेंगाळतो. ज्या गाडीला आरपीएमचा काटा नाही तिथे कानाने ओळखायचं, आवाज वाढला आणि पाठीला सीटचा धक्का नाही लागला तर घसरतोय. खालच्या गियरमध्ये हे लपून राहतं, वरच्या गियरमध्ये आधी दिसतं, म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्या माणसाला पत्ताच लागत नाही आणि मग लळिंग घाटात किंवा कन्नड घाटात गाडी भरून चढताना पितळ उघडं पडतं. जळक्या लायनिंगचा (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) वास आला तर तो पण हेच सांगतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही.

उभ्या गाडीवर पण एक टेस्ट आहे. हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, तिसरा किंवा चौथा गियर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन लगेच गचका देऊन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते. ही टेस्ट एकदाच करा, परत परत केली तर चांगली प्लेट पण गरम होऊन खराब होईल, आणि पुढे माणूस किंवा भिंत नको.

आता पेडलकडे या

सगळ्यात आधी मॅट. हसू नका, खरंच बघा. ओरिजिनल मॅट, त्याच्यावर जाड गुंडाळीवाली मॅट, त्याच्यावर पावसाळ्यात टाकलेला गोणपाट, असं करत करत पेडलखाली तीन-चार सेंटिमीटरचा थर होतो आणि पेडल शेवटपर्यंत जातच नाही. पेडल पूर्ण नाही गेलं तर क्लच पूर्ण सुटणार नाही. आमच्या मावसभावाच्या गाडीत दुसरं काहीच नव्हतं, मॅट काढली आणि रिव्हर्स पडायला लागला. मॅट काढा, पेडलखाली टॉर्च मारा, पाण्याची बाटली, खडा, काय अडकलंय ते बघा.

मग हाताने पेडल दाबा, पायाने नको, हातानेच. पहिल्यांदा थोडं अंतर ते मोकळं खाली जातं आणि मग जोर लागायला सुरुवात होते. या मोकळ्या अंतराला प्ले म्हणतात. केबलच्या छोट्या गाड्यांत हा प्ले साधारण दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो, पण प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तो गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो, तोच धरा. पट्टी लावून मोजा, अंदाज नको. प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग कायम पाकळ्यांना टेकलेलं राहतं, म्हणजे तुम्ही पेडलवर पाय न ठेवता पण थोडा क्लच दाबूनच गाडी चालवताय, मग प्लेट घसरते आणि बेअरिंग पण लवकर जातं. प्ले खूप जास्त असेल तर पेडलचा अर्धा प्रवास वाया जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

इथे लक्षात घ्यायची एक गंमत आहे. प्लेट झिजत जाते तसा केबलच्या गाडीत प्ले कमी कमी होत जातो, वाढत नाही. म्हणून पेडल आता पार वर आल्यावर गाडी पकडते, आधी मध्यात पकडायची, असं कुणी सांगितलं की आधी प्ले ॲडजस्ट करून बघा, आणि ॲडजस्टचा नट शेवटापर्यंत आलेला असेल तर समजा की प्लेट खरंच संपत आली. ऑइलवाल्या क्लचमध्ये ही झीज सिस्टीम स्वतःच भरून काढते, तिथे पेडल एकदम खाली पकडायला लागलं तर झीज नाही, हवा किंवा लिकेज शोधायचं.

तुमची गाडी केबलवर आहे की ऑइलवर हे माहीत नसेल तर बोनेट उघडा आणि पेडलच्या समोरच्या पत्र्यातून काय बाहेर येतंय ते बघा. काळ्या नळीतली तार सरळ बॉक्सवरच्या फोर्कच्या लिव्हरला गेली असेल तर केबल. जुनी ८००, ओम्नी, अल्टो या केबलच्या. स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा गाड्यांना पेडलजवळ ऑइल दाबणारा मास्टर सिलेंडर आणि खाली बॉक्सजवळ फोर्क ढकलणारा स्लेव्ह सिलेंडर असतो, मधे पातळ पाईप.

केबलची गाडी

केबलमध्ये तीनच गोष्टी होतात, कोरडी पडते, धागे तुटतात, किंवा पूर्ण तुटते. पूर्ण तुटली तर कळतंच, पेडल एकदम पुठ्ठ्यासारखं खाली पडतं, काहीच जोर नाही. धागे तुटायला लागले की पेडल कडक होतं, दाबताना कचकच लागतं, आणि सोडताना अडखळत वर येतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि उन्हाळ्याचे चार महिने, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, त्यात बोनेटच्या आत केबलच्या नळीतलं ग्रीस सुकतं आणि धूळ मिसळून लगदा होतो. मग गाडी चालू नसताना पण पेडल कडक लागतं.

बघायचं कसं तर बॉक्सच्या बाजूचं टोक मोकळं करा, म्हणजे लिव्हरवरचा नट सोडून केबल बाहेर काढा, आणि आता हाताने तार पुढे-मागे ओढून बघा. लोण्यासारखी सरकली पाहिजे. अडखळली, खरखरली तर केबल बदला, ऑइल टाकून दिवस काढू नका, धागे तुटलेल्या केबलला ऑइल टाकून काही होत नाही आणि ती नेमकी तोरणमाळच्या वळणावर तुटते. केबल सुटी असतानाच लिव्हर हाताने हलवून बघा, आणि आत पेडल पण हलवा. केबल सुटी करून पण पेडल जड असेल तर पेडलचा पिन, बुश गंजलाय. पेडल हलकं आणि केबल पण मोकळी, तरी जोडल्यावर जड, तर मग दोष बॉक्सच्या आत आहे, फोर्क, गाईड ट्यूब (जिच्यावर बेअरिंग सरकतं ती) किंवा प्रेशर प्लेट. माझ्या अल्टोच्या वेळी एवढं एक जरी कुणी केलं असतं तर सेटचे पैसे वाचले असते.

नवीन केबल टाकताना जुनी जशी वळवलेली होती तशीच वळवा, तीव्र वाकवू नका आणि सायलेन्सरच्या पाईपजवळून नेऊ नका. मग प्ले सेट करा. नट आवळला की प्ले कमी होतो, सोडला की वाढतो. सेट झाल्यावर पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा आणि परत मोजा, नवीन केबल थोडी बसते.

ऑइलवाला क्लच

इथे पहिलं काम म्हणजे टाकी बघणे. बऱ्याच गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची टाकी एकच असते, क्लचचा पाईप टाकीला थोडा वरच्या बाजूला असतो, म्हणजे ऑइल कमी झालं तर आधी क्लच जावा आणि ब्रेकला तरी ऑइल उरावं. म्हणून ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली तर हा फक्त क्लचचा विषय समजू नका, ब्रेकची लाइन आणि ब्रेक पॅड पण त्याच दिवशी बघा. नुसतं वरून ऑइल टाकून पुढे जाणारे लोक मी खूप बघतो आणि मला ते अजिबात पटत नाही, ऑइल हवेत उडत नाही भाऊ, कुठेतरी जातंय.

कुठे जातंय ते शोधा. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पेडलच्या दांडीच्या वरती, जिथे पुशरॉड पत्र्यात जातो तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर सिलेंडरचं सील गेलं. गाडीखाली स्लेव्ह सिलेंडरचं रबरी बूट थोडं मागे सारून बघा, आतून ऑइल निघालं तर स्लेव्ह गेला. काही गाड्यांत स्लेव्ह हा बॉक्सच्या आत बेअरिंगलाच जोडलेला गोल असतो, तो लिक झाला तर बॉक्स आणि इंजिनच्या जोडाच्या खालून थेंब पडतात, आणि त्याला मात्र बॉक्स उतरवावाच लागतो. खाली पडलेला थेंब कशाचा ते ओळखायला एक जुनी युक्ती, थोडं ऑइल वाटीतल्या पाण्यात टाका. ब्रेक-क्लच ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल आणि गियर ऑइल वर तरंगतं. गियर ऑइलचा वास पण उग्र असतो. हा थेंब इंजिन ऑइलचा निघाला तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलेलं असू शकतं आणि तेच ऑइल प्लेटवर जाऊन ती घसरत किंवा थरथरत असेल.

पेडल स्पंजसारखं लागतं, दोन-तीन वेळा पंप केलं की सुधारतं, तर लाइनमध्ये हवा आहे. पंप केल्यावर पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं, बाहेर मात्र कुठे थेंब नाही आणि टाकीतली पातळी पण तशीच, तर मास्टर सिलेंडरचं आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला पेडल दाबून उभं राहिलं की थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला लागते, ती याच कारणाने. किट टाकता येतं, पण सिलेंडरच्या आत ओरखडे पडलेले असतील तर किट दोन-चार महिन्यात परत जातं, मग पूर्ण सिलेंडरच बदललेला बरा.

आमच्या मामांची पिकप आहे, रावेरहून केळी भरून जाते. त्यांची तक्रार वेगळीच होती, सकाळी क्लच एकदम ठीक, दुपारी दोन-तीनला भरलेली गाडी गर्दीत अडकली की पेडल मऊ, "गियर पडत नही", आणि रात्री परत ठीक. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनी सकाळी बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. टाकीचं झाकण उघडलं तर ऑइल चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं आणि डॉट ४ २३० अंशाला, पण पाणी ओढून जुनं झालं की तोच आकडा १४० आणि १५५ पर्यंत खाली येतो. सायलेन्सरजवळचा पाईप, बाहेर ४४-४५ अंश, अर्ध्या क्लचवर रांगेत सरकणारी भरलेली गाडी, ऑइलमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ पडतं, थंड झालं की वाफ परत पाणी आणि पेडल परत चांगलं. पूर्ण ऑइल बदललं, लाइनमधली एअर (हवा) काढली, त्यानंतर दोन उन्हाळे झाले तक्रार नाही. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं, आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच, आणि झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच टाकायचं. इंजिन ऑइल किंवा कुठलं पण तेल चुकून पण नको, सगळी रबरं फुगून जातात, आणि टाकी एकच असेल तर ब्रेकची पण.

एअर काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निप्पलला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याने पेडल हळू दाबून तळाला धरायचं आणि ओरडून सांगायचं "दाबलं", मग खालच्याने निप्पल पाव आटा सोडायचा, ऑइल आणि बुडबुडे येतील, निप्पल बंद, मग ओरडायचं "सोड", आणि मगच पेडल वर आणायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत. दर चार-पाच वेळा टाकी भरत राहा, ती रिकामी झाली तर सगळं परत पहिल्यापासून. बुडबुडे बंद झाले की झालं. बाटलीतलं ऑइल परत वापरू नका. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं. आणि एअर काढल्यावर आठ दिवसात परत मऊ झालं तर परत परत एअर काढत बसू नका, हवा जिथून शिरतेय ते सील बदला.

एक महत्त्वाचं, गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका, घोडी (जॅक स्टँड) लावा, चाकाला दगड लावा. जॅक सरकायला एक सेकंद लागतो.

पेडल वर येत नाही

पायाने ओढून वर आणावं लागतं, किंवा अर्ध्यातच थांबतं. केबलच्या गाडीत रिटर्न स्प्रिंग निघालेली किंवा तुटलेली, नाहीतर केबल नळीत अडकलेली. ऑइलच्या गाडीत बहुतेक ऑइल संपलेलं किंवा हवा भरपूर. पेडलच्या वरच्या बाजूला स्प्रिंग असते ती टॉर्च मारून बघा, दोन मिनिटाचं काम आहे. पेडल दाबताना-सोडताना नुसतं चर्र-चूं वाजतं तर पिनवर ग्रीस लावा, एवढंच.

आवाज

कानाने खूप कळतं, फक्त आवाज कधी येतो हे नीट बघायचं. इंजिन चालू, न्यूट्रल, काचा खाली, पंखा-गाणी बंद. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर जाते, तर रिलीज बेअरिंग. याच्या उलट, पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबलं की शांत, तर तो क्लचचा आवाजच नाही, बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग आहे. हे उलट-सुलट समजून क्लच सेट बदललेला आणि आवाज तसाच राहिलेला मी दोन गाड्यांत बघितलंय.

पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताना गाडी थडथडते, म्हणजे प्लेटवर ऑइल, फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग, किंवा प्लेटमधल्या स्प्रिंगा सैल. पण त्याच्या आधी इंजिनचे माउंटिंग (इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसतं ते) बघा, माउंटिंगचं रबर फाटलं तरी गाडी अगदी तशीच थडथडते आणि ते बाहेरून दिसतं. बोनेट उघडून एकाने ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायचा, इंजिन किती उचलतं ते दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. समोर नाही, बाजूला.

पावसाळ्यातली वेगळी गोष्ट

नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली, आणि मग महिनाभर उभी राहिली, असं झालं की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नेहमीसारखं लागतं, प्ले ठीक, ऑइल ठीक, पण इंजिन चालू झालं की एक पण गियर पडत नाही. इथे घाबरून बॉक्स उतरवू नका. आधी इंजिन अर्धा तास चालवून गरम करा. तेवढ्याने नाही सुटली तर मोकळं मैदान बघा, खळं असेल तर उत्तम, इंजिन बंद करून दुसरा गियर टाका, पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारा, गाडी चालायला लागेल, पेडल दाबलेलंच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा करा. बहुतेक वेळा खाटकन आवाज होऊन प्लेट सुटते. पाय ब्रेकच्या तयारीत पाहिजे आणि पुढे शंभर मीटर मोकळे पाहिजेत. ओल्या काळ्या मातीत गाडी फसली तेव्हा अर्ध्या क्लचवर रेटत बसलात तर मात्र दहा मिनिटात चांगली प्लेट जळते, तिथे ट्रॅक्टर बोलवा आणि दोर बांधा.

खरंच बॉक्स उतरवायची वेळ आली तर

म्हणजे टेस्टमध्ये क्लच घसरतोय, प्ले बरोबर आहे, वास येतोय. किंवा बाहेरचं सगळं ठीक असून सुटत नाही. किंवा रिलीज बेअरिंग बोंबलतंय. मग उतरवा, पण तिथे उभे राहा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, फक्त बेअरिंग किंवा फक्त प्लेट टाकून पैसे वाचत नाहीत कारण उतरवायची मजुरी तीच. फ्लायव्हीलवर बोट फिरवा, निळे डाग, केसासारख्या चिरा, खाच लागली तर लेथवर फेसिंग (घासून सपाट करणं) होतं का नवीन लागतं ते विचारा. क्रँकचं मागचं सील आणि बॉक्सचं पुढचं सील ओलं असेल तर त्याच वेळी बदला, नाहीतर नवीन प्लेटवर ऑइल जाईल. गोल स्लेव्ह आत असेल तर तो पण त्याच वेळी. फोर्कचा टेकू आणि गाईड ट्यूब झिजलेली आहे का बघायला सांगा. आतली काळी पावडर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायला सांगा आणि तुम्ही पण तोंडाला रुमाल बांधा. आणि जुने सगळे पार्ट मागून घ्या. जुनी प्लेट हातात घेऊन बघा, लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलंय का, तेलकट आहे का, जळून काळंनिळं झालंय का. रिव्हेटच्या वर भरपूर लायनिंग शिल्लक असेल आणि कोरडं असेल तर तिथेच विचारा की मग ही बदलली कशाला.

रस्त्यातच केबल तुटली तर

हे प्रत्येकाला यायला पाहिजे, आपल्याकडे धडगाव-तोरणमाळ रस्त्यावर गॅरेज तासभर मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज पण नसते. क्लच नसताना पण गाडी चालते. इंजिन बंद करा, पहिला गियर टाका, हँडब्रेक काढा, स्टार्टर मारा. गाडी गचके देत स्टार्टरवरच निघते आणि इंजिन चालू होतं. काही नवीन गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथे पेडल दाबूनच मारा, केबल तुटलेली आहे म्हणून पेडल दाबलं तरी गियर धरलेलाच राहतो. दुसरा टाकताना थोडा वेग घ्या, ॲक्सिलरेटर सोडा, लिव्हर हळूच न्यूट्रलला ओढा, एक क्षण थांबा आणि मग दुसऱ्याकडे नुसतं बोटाने दाबून धरा, इंजिनचा वेग खाली येऊन जुळला की लिव्हर स्वतःच आत जाते. जोर करू नका, जोर केला तर दात जातील. तिसऱ्याला तसंच. वरून खालच्या गियरला येताना न्यूट्रलमध्ये थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. थांबायचं असेल तर वेळेत न्यूट्रल करा आणि ब्रेक लावा, आणि परत निघताना परत इंजिन बंद, पहिला गियर, स्टार्टर. स्टार्टर आणि बॅटरीवर लोड येतो म्हणून कमीत कमी वेळा थांबा. तीव्र चढ-उताराच्या घाटात, बाजाराच्या गर्दीत आणि रेल्वे फाटक ओलांडायच्या आधी हे करू नका, तिथे गाडी कडेला लावा, चाकाला दगड लावा आणि मदत बोलवा. सपाट रस्ता आणि कमी गर्दी असेल तर वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गॅरेज आरामात गाठता येतं, मी एकदा शहादा असंच गाठलंय, आणि त्या दिवसापासून एक जास्तीची केबल आणि दोन पाने कायम डिक्कीत ठेवतो.